मागच्या वर्षापासूनची परंपरा

संक्रांत झाली की पहिला रविवार आमचा. कॉलेज सोडून सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली, पण वाङ्मय मंडळ आणि कलामंडळ अशी दोन्हीकडची मिळून पंधरा-वीस टाळकी त्या रविवारी जमतातच. आधी कुणाच्या तरी घरी जमायचो, मग पोरं मोठी झाली, घरं लहान पडायला लागली, म्हणून आता एका मैत्रिणीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. सकाळी मिसळ, दुपारी मसालेभात आणि मठ्ठा, जिलबी ज्याची त्याची शुगर बघून. अजेंडा वगैरे काही नसतो. तेच किस्से, हसायच्या जागाही त्याच, आणि दरवर्षी एक भांडण.

यंदाचं भांडण शेलापागोट्यावरून. म्हणजे फिशपाँड हो. गॅदरिंगच्या संध्याकाळी स्टेजवरून नाव पुकारून कुणाला तरी दोन ओळींची टपली मारायची, चिठ्ठ्या आठवडाभर आधी लायब्ररीबाहेरच्या खोक्यात टाकायच्या आणि कुणी टाकल्या ते मरेपर्यंत सांगायचं नाही. तर आमच्यातला एकजण (नाव नको, बँकेत मोठा साहेब आहे आता) एकदम छातीठोकपणे म्हणाला की हे आपल्या कॉलेजात आपल्या बॅचनी चालू केलं, ९६ साली. त्यावर आमच्या तीन वर्षं पुढची ताई उसळलीच, काय सांगतोस, मला स्वतःला मिळालंय की शेलापागोटं, माझ्या दोन वेण्यांवर! आवाज चढायला लागले तसा मी पिशवीतून वही काढली.

या वहीबद्दल सांगायला पाहिजे. वाङ्मय मंडळाची इतिवृत्ताची वही. लांबट, लाल कापडी पाठीची, दुकानदार खतावणीला वापरतात तसली. पहिली नोंद १९६८ ची, शेवटची १९९९ ची. दरवर्षीचा सचिव आपापल्या अक्षरात लिहायचा, त्यामुळे वही उघडली की तीस वर्षांचे तीस स्वभाव दिसतात, कुणी दोन-दोन पानं अलंकारिक मराठी फुंकलंय, कुणी चार ओळींत गॅदरिंग उरकलंय, एकानं तर पाहुण्यांचं नावच लिहिलेलं नाही, फक्त भाषण लांबले एवढंच. पण आभारप्रदर्शन आणि हास्याचे फवारे प्रत्येकाकडे आहेत. हास्याचे फवारे उडाल्याशिवाय महाराष्ट्रात कुठलंच इतिवृत्त पूर्ण होत नाही.

तर १९७१ चं पान. खर्चाच्या रकान्यात शेलापागोटे, कागद व डिंक, ७५ पैसे. त्याखाली सचिवांनी वळणदार अक्षरात नोंदवलंय की काही चिठ्ठ्या अभिरुचीला धरून नसल्यानं सरांनी काढून टाकल्या. आणि बाजूला समासात, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातानं, पेन्सिलीनं लिहिलंय, त्याच चांगल्या होत्या.

बँकेतला साहेब गप्प. पण त्याचा दोष नाहीये, खरंच नाहीये. कॉलेजात पिढी तीन वर्षांची असते. एफवायला आलेल्या पोराला टीवायचा पोरगा आजोबासारखा वाटतो, आणि आजोबा निघून गेले की आधीचं सगळं पुसलं जातं. त्यामुळे कॉलेजात एखादी गोष्ट दोन वर्षं झाली की ती प्रथा, आणि तिसऱ्या वर्षी परंपरा. आपल्याकडे पहिल्यापासून असंच करतात, असं जो ठणकावून सांगतो तो मागच्या जूनमध्ये ॲडमिशन घेतलेला असतो. आम्हीही असेच होतो. भित्तिपत्रक आम्ही सुरू केलं, काव्यवाचनाला मध्ये मेणबत्ती आम्ही आणली, गॅदरिंगला शेवटच्या दिवशी सगळ्यांनी झब्बे घालायचे हे तर आमचंच. वही हातात आल्यावर एकेक करून सगळ्याची हवा गेली. मेणबत्ती १९७९ मध्येसुद्धा होती. लाइट गेले होते म्हणून लावली होती, तो भाग वेगळा.

वहीच्या नादानं मी मग आणखी मागं गेलो, म्हणजे या मंडळाबिंडळांचं मूळ कुठं सापडतं का बघायला. आणि एक गंमत सापडली जी मी दर रविवारी, म्हणजे दर वर्षीच्या त्या रविवारी, सगळ्यांना ऐकवतो आणि आता मी तोंड उघडलं की लोक जिलबी आणायला उठतात. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पण मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी निघाली १८४८ मध्ये! विद्यापीठ यायला अजून नऊ वर्षं अवकाश, आणि पोरांचं मंडळ आधीच तयार. आपल्याकडे मांडवाच्या आधी वर्गणी येते तसंच हे. प्रोफेसर पॅटन म्हणून होते त्यांनी पुढाकार घेतला, आणि पोरांमध्ये कोण तर दादाभाई नौरोजी, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, मग सगळं इंग्रजीतच कशाला म्हणून ज्ञानप्रसारक नावानं मराठी आणि गुजराती अशा शाखा काढल्या. इथपर्यंत आपल्या वाङ्मय मंडळासारखंच वाटतं, नाही का, पाहुणे, चर्चा, चहा. पण पुढच्याच वर्षी, १८४९ ला, याच पोरांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सकाळी आपापल्या कामाला जायच्या आधी स्वतः जाऊन शिकवायला लागले, मराठी मुलींच्या शाळेच्या पाठीशी नाना शंकरशेट उभे राहिले. आम्ही त्या वयात सकाळी उठत नव्हतो.

असो. आमचं पुण्याचं विद्यापीठ तसं नवं, १९४९ चं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. त्याआधीची इथली जुनी कॉलेजं मुंबईलाच जोडलेली, मग १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि तिकडची तिकडे गेली. आमच्या वहीत विद्यापीठाचा उल्लेख मात्र फक्त एकाच संदर्भात येतो, ग्रँट आलेली नाही.

वहीतून आणखी एक मजा कळते ती म्हणजे कुठली मंडळं कुठल्या मंडळांवर जळायची. राष्ट्रीय सेवा योजना देशात सुरू झाली १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, सुरुवातीला ३७ विद्यापीठांत. आमच्याकडे ती आल्यावर दोन-तीन वर्षांतच सचिवांची तक्रार की सभासद शिबिराला गेल्यामुळे कवी संमेलनाला उपस्थिती रोडावली. आमच्या वेळीही हेच. एनएसएसवाली पोरं म्हणजे खांद्याला टॉवेल, हाताला घट्टे, मुळशीकडच्या कुठल्या तरी गावात सात दिवस बंधारा बांधून आलेली, आणि आम्ही कलामंडळवाले म्हणजे त्यांच्या भाषेत नाचे. सतरंज्यांवरून मारामारी व्हायची. कॉलेजात सतरंज्या एकूण अकरा, आणि गॅदरिंग आणि शिबिर हटकून एकाच आठवड्यात. एका वर्षी त्यांनी पहाटे येऊन नऊ सतरंज्या पळवल्या आणि प्रमुख पाहुण्यांसमोर पोरं वर्तमानपत्रांवर बसली. पुढं त्यातलाच एक सतरंजीचोर आमच्यातल्या एकीशी लग्न करून दर संक्रांतीच्या रविवारी मिसळ खायला येतो.

निवडणुकांचंही तसंच. सत्तर-ऐंशीच्या पानांवर जीएसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जनरल सेक्रेटरीच्या, निवडणुकीची धामधूम आहे, पॅनेलं, भिंतीवर गेरूनं रंगवलेली नावं, एका वर्षी तर निवडणुकीमुळे मंडळाचं उद्घाटन महिनाभर पुढं ढकललेलं. आम्ही आलो ९५ ला. तोपर्यंत खुल्या निवडणुका गेल्या होत्या, त्यांच्यावरून कॉलेजांमध्ये मारामाऱ्या, प्रसंगी खूनसुद्धा पडायला लागले होते, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं सगळं मार्कांवर आणलं. वर्गात पहिला येईल तो सीआर. म्हणजे आमच्या वर्गाचा प्रतिनिधी असा मुलगा झाला ज्यानं कँटीन बाहेरूनच पाहिलं होतं. गॅदरिंगच्या मीटिंगला तो वही-पेन घेऊन यायचा आणि मांडववाल्याचं कोटेशन व्यवस्थित लिहून घ्यायचा, आणि खरं सांगतो, आमच्या सगळ्या गॅदरिंगांत हिशोब जुळला तो त्या एकाच वर्षी. २०१६ च्या कायद्यात परत निवडणुका आणायचं ठरलं. तो सीआर आता सीए आहे आणि त्याचं म्हणणं, मार्कांनीच निवडा.

पण हे सगळं तोंडी लावायला. पुण्यातल्या कुठल्याही कलामंडळाचं वर्ष खरं फिरायचं ते पुरुषोत्तमभोवती. मुंबईकरांना आयएनटी, इप्टाच्या एकांकिका स्पर्धा, आम्हाला पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा भरवते, ऑगस्टमध्ये, भरत नाट्य मंदिरात. फिरोदिया करंडक म्हणून दुसरी स्पर्धा आहे, तिथं एकाच प्रयोगात गाणं, नाच, चित्र, माती असं सगळं कोंबायला मिळतं, ती वेगळी जत्रा. पुरुषोत्तमला नुसतं नाटक. जून-जुलैमध्ये कॉलेज सुरू झालं की वर्गांच्या आधी ऑडिशन, मग रोज संध्याकाळी सातपासून लेडीज रूमच्या मागच्या पॅसेजमध्ये तालीम, बाहेर पाऊस, आत वीस जणांच्या ओल्या चपला, आणि अमृततुल्यवाल्याची उधारी. ज्याला जिंकायचं असतं तो जिंकायला करतो, पण आमच्यासारख्यांना ती तालीमच हवी असायची. स्पर्धेचा दिवस म्हणजे उलट दुःखाचा, कारण उद्यापासून संध्याकाळी कुठं जायचं?

९७ साली मी म्युझिकला होतो. म्युझिक म्हणजे काय, एक टेपरेकॉर्डर आणि तीन कॅसेटी, विंगेत स्टुलावर बसून प्ले आणि पॉज दाबायचं. नाटक गंभीर होतं, फारच गंभीर होतं, त्या वर्षी सगळ्यांचीच गंभीर होती. हरवलेल्या मुलाची वाट बघणारी म्हातारी, दारात कंदील, आणि धो धो पाऊस. पावसाचा आवाज मी स्वतः पत्र्याच्या शेडखाली उभं राहून रेकॉर्ड केला होता, घरात पडलेल्या एका जुन्या कॅसेटच्या ए साइडला. बी साइडला काय आहे ते बघितलं नव्हतं.

झालं. म्हातारी दाराशी गेली, कंदील वर धरला, आभाळाकडं बघितलं, मी प्ले दाबलं आणि भरतच्या साऊंड सिस्टिमवर माझ्या आत्याचा आवाज घुमला. चैत्राच्या हळदीकुंकवाचे उखाणे. चांदीच्या ताटात वगैरे म्हणेपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला होता, पण हात हलेना, आणि आत्यानं सावकाश, ठसक्यात, काकांचं नाव संपूर्ण वडिलांच्या नावासकट घेतलं आणि मागून बायकांचा हशा. मग मी स्टॉप दाबलं. दोन सेकंद थिएटरमध्ये चिडीचूप. आणि मग मागच्या रांगेतून ती ठरलेली आरोळी, अरे आवाज कुणाचा? आणि बाल्कनीतून आख्खं कुठलं तरी कॉलेज एका सुरात, आत्याचा!

म्हातारीचं काम करणारी आमची मैत्रीण, तिला मी मरेपर्यंत मानीन, ती तशीच कंदील धरून उभी राहिली. पापणी हलली नाही. हशा थांबेपर्यंत थांबली आणि मग पुढचं वाक्य म्हणाली. तिला अभिनयाचं उत्तेजनार्थ मिळालं. नाटक फायनलला गेलं नाही हे सांगायला नकोच. परत येताना सेटच्या टेम्पोत मागं मी एकटा बसलो होतो, दरवाजाच्या फ्रेमला टेकून, कुणी शिव्याही घातल्या नाहीत, तेच जास्त लागलं. कॉलेजवर पोचलो तर मामा जागे. मामा म्हणजे आमचे शिपाई. फाटक उघडलं, सामान उतरवायला हात लावला आणि म्हणाले, काय रं, पडलं का? म्हटलं पडलं. तर म्हणे, शहात्तरला पण पडलं हुतं, भिंतच पडली हुती, स्टेजवर. जा झोप.

आता खरी गंमत पुढं आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ऑफिसात एक नवीन मुलगी लागली, आमच्याच कॉलेजची निघाली, २००६-०७ च्या सुमाराची, कलामंडळातली. मी आपला सहज विचारलं, अजून काय काय चालतं तिकडं. तर ती सांगायला लागली, सर, आमच्याकडे एक परंपरा आहे, पहिल्यापासूनची. पुरुषोत्तमला तिसरी घंटा व्हायच्या आधी सगळे विंगेत गोल करून उभे राहतात, डिरेक्टर विचारतो, आत्या कुठंय? आणि सगळे म्हणतात, घरी! तीनदा. मग घंटा. म्हटलं, का गं, असं का म्हणतात? ती म्हणाली, माहीत नाही सर, कुठल्या तरी जुन्या नाटकातला डायलॉग असणार, शुभ असतं म्हणतात.

मी तिला काही सांगितलं नाही त्या दिवशी. वॉशरूममध्ये जाऊन एकटाच हसून आलो. घरी येऊन आत्याला फोन केला, ती ऐकायला जरा कमी येतं म्हणून दोनदा सांगावं लागलं, आणि सगळं ऐकून तिचा प्रश्न एकच, ती कॅसेट कुठाय माझी?

गॅदरिंगचं मात्र मला उलटं वाटतं, त्या तीन दिवसांतलं मला फारसं आठवतच नाही. साडी डे, टाय डे, बक्षीस समारंभ, रंगमंचावर एकामागोमाग एक सोळा नाच, सगळ्यांचं मिळून एक धूसर चित्र आहे. स्पष्ट आठवतं ते आदल्या रात्रीचं. घोटीव कागदाच्या पताका चिकटवताना खळीची वाटी सांडलेली, शिडीवर चढलेला उंच मुलगा आणि खाली शिडी धरायला विनाकारण पाच जण, रात्री दोनला कुणीतरी आणलेली भुर्जी-पाव. मुलींना रात्री थांबायची परवानगी नसायची, साडेआठला त्या जायच्या, आणि सकाळी सातला येऊन आमच्या सगळ्या पताका उचकटून सरळ रेषेत लावायच्या. ती दोन वेण्यांची ताई म्हणते आमच्या वेळी साडेसातलाच हाकलायचे. १९७४ च्या नोंदीत विद्यार्थिनींनी सहालाच निघावे असा ठराव आहे. हे मात्र खरंच पहिल्यापासूनचं.

यंदा जेवताना २०२२ चा विषय परत निघाला, त्या वर्षी परीक्षकांनी पुरुषोत्तमचा मुख्य करंडक कुठल्याच संघाला दिला नव्हता, आणि आमच्यात त्यावर अजून दोन तट आहेत. एक म्हणतात दर्जा नसेल तर नाहीच द्यावा, दुसरे म्हणतात वीस वर्षांच्या पोरांना स्पर्धेत पहिलं कुणीतरी यायलाच पाहिजे. मी दुसऱ्या तटात. आत्यावाल्याचं मत कोण विचारतंय म्हणा.

आणि मग चहाच्या वेळेला मामा आले.

मामांना आम्ही दरवर्षी बोलावतो, ते दरवर्षी येतो म्हणतात आणि येत नाहीत, गुडघे. यंदा नातू गाडीवरून घेऊन आला. १९७४ ला लागले, २०१२ ला रिटायर झाले. ही वहीसुद्धा त्यांच्यामुळेच आमच्याकडं आली. ऑफिस नव्या इमारतीत हलवलं तेव्हा जुनी कपाटं रिकामी होत होती, यांनी मला फोन केला, वही रद्दीत चाललीया, नेता का? मी हाफ डे टाकून गेलो तर यांनी ती शर्टाच्या आत, पोटाशी धरून ठेवलेली. त्यांना वाचायचा कंटाळा, पण वहीत काय आहे ते आमच्यापेक्षा जास्त त्यांना माहीत. भिंत कुठल्या साली पडली, शेलापागोट्यावरून कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली, जीएसच्या निवडणुकीत पडलेला उमेदवार पाण्याच्या टाकीवर कुठं लपून रडत होता, सगळं. बँकेतल्या साहेबाला म्हणाले, तुमी चालू केलं? आन मी खोकी कुणासाठी रंगवत हुतो मग, सगळी वर्षं?

चहा पिता पिता त्यांनी वही मांडीवर घेतली. पानं उलटली, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, यात माजं नाव हाय का कुठं?

आम्ही सगळे शोधायला लागलो. तीन-चार जणांनी चष्मे काढले, चष्मे लावले. आभारप्रदर्शन प्रत्येक वर्षी आहे, प्राचार्यांचे, पाहुण्यांचे, मांडववाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, आणि सगळ्यात शेवटी शिपाई वर्गाचे. शिपाई वर्ग. मी सचिव होतो त्या वर्षीचं पान माझ्याच अक्षरात आहे, तिथंही शिपाई वर्गच. मामा काही बोलत नव्हते, बशीत चहा ओतत होते.

सापडलं शेवटी, त्या सीए झालेल्या सीआरला सापडलं, कारण तो आभार न बघता खर्चाचे रकाने बघत होता. १९८३, गॅदरिंगचा हिशोब, सगळ्यात खालची ओळ, सुतळी कमी पडल्याने आणली, मामांकडून उसने ४ रुपये, देणे बाकी. त्यानं पुढची दोन पानं बघितली, त्याच्या पुढचं वर्ष बघितलं, मग मान वर करून म्हणाला, मामा, हे फिटल्याची नोंद नाहीये.

फिटलंच न्हाई, मामा म्हणाले, मला काय म्हाईत न्हाई व्हय? आणि बशी खाली ठेवून हात पुढं केला.